गावाच्या खोलीतल्या वह्या रद्दीत जाऊ देऊ नका

प्रति,
लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी, वरळी आणि ना. म. जोशी मार्ग येथील पाटण तालुक्याच्या सर्व ग्रामस्थ मंडळांचे अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार, तसेच गावोगावचे सरपंच यांस,

स. न. वि. वि.

गिरणगावात आपापल्या गावाच्या नावाने घेतलेल्या खोल्या, म्हणजे आपले गाळे, एकेक करून पुनर्विकासात चालले आहेत. कुठे विकासकाशी करार झाला आहे, कुठे संमतीपत्रावर सह्या चालू आहेत, कुठे भाडे हातात पडले आणि खोली रिकामी करून दिलीसुद्धा. मंडळाच्या बैठकीत सध्या बोलणे होते ते नव्या इमारतीत किती फुटांची खोली मिळणार, ती कोणाच्या नावावर चढणार आणि उद्या विकायची ठरली तर वाटा कोणाकोणाचा. हे प्रश्न खरे आहेत. ते आज मिटवले नाहीत तर भावकीत कायमची भांडणे लागतील. पण खोली रिकामी करताना पोटमाळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरते आणि ती कोणी उघडून बघत नाही. या पत्रात मला त्या पेटीबद्दल बोलायचे आहे.

मी पाटण तालुक्यातली. सध्या साताऱ्यात राहते, शाळेत शिकवते. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, परळ-लालबागकडच्या एका कापड गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, होते. माझे चुलते नाना त्याच गिरणीत त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईच्या खात्यात, होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि नानांची नोकरी गेली ती गेलीच. मागच्या हिवाळ्यात नानांना सोबत घेऊन मी ती गिरणी बघायला गेले. संपानंतर त्यांनी तिच्या आवारात पाऊल ठेवले नव्हते.

परवानगीचे पत्र जवळ होते म्हणून आत सोडले. साचेखात्याची लांबलचक इमारत अजून उभी आहे. करवती छपराच्या काचा फुटल्यात, भिंतीतून पिंपळ वर आलाय. यंत्र एकही नाही, सगळी भंगारात गेली. उरलेत ते बिडाचे खांब आणि फरशीत रुतलेले गंजके बोल्ट. नाना त्या बोल्टांच्या ओळीने चालत गेले, दोनदा मागे वळून दरवाजाचा अंदाज घेतला आणि एका जागी थांबले. म्हणाले, "आबांचे दोन साचे हितं." मी खाली बघितले. तिथे दोन ओळींच्या मधला फरशीचा पट्टा बाजूच्या फरशीपेक्षा गुळगुळीत होता आणि मधोमध चांगला खोलगट झाला होता. साचेवाला आठ तास त्याच चिंचोळ्या बोळात उभा. या साच्याचा आडवा धागा नेणारा धोटा बदलायचा, वळायचे, त्या साच्याचा तुटलेला धागा जोडायचा, परत वळायचे. आबांच्या आधी आणि आबांच्या नंतर त्या जागी उभे राहिलेल्या सगळ्यांच्या तळपायांनी तो दगड झिजवला होता.

मी नानांना विचारले, एवढ्या आवाजात तुम्ही एकमेकांशी बोलायचा कसे? नानांनी माझ्याकडे तोंड केले आणि नुसते ओठ हलवले. आवाज अजिबात काढला नाही. मग हाताच्या खुणा करून दाखवल्या: जॉबर (मुकादम) येतोय, चहाला चल, तुझा धागा तुटला. आबा म्हातारपणी घरात ओरडून बोलायचे आणि समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. आम्हा पोरांना वाटायचे, ते चिडलेत. त्यांचे कान साचेखात्यात गेले होते.

एवढेच त्या गिरणीने मला दिले. त्या इमारतीत एकाही माणसाचे नाव कुठे लिहिलेले नाही. कोनशिला आहे, तीवर मालकांची नावे आहेत. हजेरीपट कुठे गेले, ते तिथल्या कोणाला सांगता आले नाही. आणि मग त्याच दिवशी संध्याकाळी नाना मला आपल्या गावाच्या खोलीवर घेऊन गेले.

आमच्या घरातली कोणी बाई त्याआधी त्या खोलीत गेली नव्हती. ती खोली बाप्यांचीच. दहा बाय बाराच्या गाळ्यात एका वेळी वीस-पंचवीस जण राहायचे. पहिल्या पाळीवाला उठून गेला की त्याच्या जागेवर रातपाळीवाला येऊन आडवा व्हायचा. ज्याला आत जागा नाही तो गॅलरीत, नाहीतर फुटपाथवर. प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीला एक खुंटी. जेवण खानावळीत. आजी गावाकडे भात-नाचणी पिकवायची, म्हशी सांभाळायची, मनिऑर्डरच्या पावतीवर अंगठा द्यायची. मुंबई तिने बघितलीच नाही.

खजिनदारांनी माळ्यावरून पेटी काढली. आत लाल कापडी बांधणीच्या लांबुडक्या वह्या होत्या, सुतळीने बांधलेल्या. वरच्या दोन वाळवीने खाल्ल्या होत्या. खालच्या धड होत्या. मी एक उघडली आणि रात्री उशिरापर्यंत उठले नाही.

पानावर रकाने आखलेले. माणसाचे नाव, गिरणी, खाते, बिल्ला नंबर, खोलीभाडे, वर्गणी, शेरा. अक्षर दर काही वर्षांनी बदललेले, कारण चिटणीस बदलले. काही पाने शाईची, काही जांभळ्या पेन्सिलीची. शेऱ्याच्या रकान्यात एकेका शब्दात माणसाचे आयुष्य लिहिले आहे: "बदली", "कायम झाला", "आजारी, गावी गेला", "बोट गेले", "मयत". आबांचे नाव पहिल्यांदा येते ते "बदली" म्हणून. म्हणजे रोज पहाटे गेटवर जाऊन उभे राहायचे, कोणाचा खाडा पडला तर त्या दिवसापुरते काम, नाहीतर परत. कायम व्हायला त्यांना किती वर्षे लागली, हे घरात कोणालाच माहीत नव्हते. वहीत पाने उलटत गेले तर दर वर्षी तोच शेरा दिसत राहिला, आणि मग एका पानावर "कायम" आले. त्या महिन्यात आबांच्या नावापुढे देवळाच्या घंटेसाठी जादा वर्गणी आहे. ती घंटा मी लहानपणापासून वाजवत आलेय.

मग डिसेंबर १९६७ चे पान आले. ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. तालुक्यातल्या गावांची काय दशा झाली ते तुम्हा वडीलधाऱ्यांना मी सांगायला नको. वहीत वर ठळक लिहिले आहे "भूकंप निधी". खाली खोलीतल्या प्रत्येकाचे नाव आहे, एकाचेही सुटलेले नाही. ज्यांच्या शेऱ्यात "बदली" आहे, ज्यांना त्या महिन्यात किती दिवस काम मिळाले देव जाणे, त्यांनीही पैसे दिले आहेत. पुढच्या पानावर खर्च: पत्रे, चटया, एसटीचे भाडे, शाळेच्या भिंतीला सिमेंट. गावच्या शाळेतल्या ज्या खोलीत मी मुळाक्षरे गिरवली ती कशी बांधली गेली, हे मला त्या रात्री समजले. शाळेत कुठेही तसे लिहिलेले नाही.

म्हणून म्हणते, आपल्या तालुक्याचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास सरकारी दप्तरात जेवढा आहे त्यापेक्षा जास्त या वह्यांत आहे. डोंगरातली शेती पोटापुरती पिकली नाही म्हणून माणसे कराडला जाऊन मीटरगेज गाडीत बसली, पुण्याला गाडी बदलून दादरला उतरली आणि गावाच्या खोलीवर आली. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. त्या रविवारी आपली माणसे बैठकीला बसायची आणि गावाचा कारभार हाकायची. देऊळ, शाळा, पाणवठा, सप्ता, तमाशाची सुपारी, कोणाच्या पोरीचे लग्न अडले असेल तर तेही. गाव चालायचे डोंगरात आणि त्याचा खजिना असायचा लालबागला.

कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचा तर विचारच करा. घरे गेली, देवळे गेली, माणसे लांबलांबच्या जिल्ह्यांत पांगली. कोयनेची वीज मुंबईला आली, त्या विजेवर गिरण्या चालल्या आणि त्याच गिरण्यांत त्या गावांतली माणसे कामाला होती. अशा गावाच्या मंडळाकडे एखादी वही उरली असेल तर त्या गावात कोण कोण होते, याचा तेवढाच लेखी पुरावा. ती वही सर्वांत आधी वाचवली पाहिजे.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहिते. काहींना ती आवडणार नाही. आमच्या गावाच्या वहीत बौद्धवाड्यातल्या एकाही माणसाचे नाव नाही. त्या वाड्यातूनही माणसे गिरणीत गेली, नानांच्या खात्यात त्यांच्या शेजारी काम करत होती. पण गावाची म्हणून जी खोली होती तिच्यात त्यांना जागा नव्हती. साचेखात्यातही बराच काळ नव्हती. तिथे कांडी संपली की नवा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागायचा. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी लागतो, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात शिरू देत नव्हते, आणि जास्त पगार तर त्याच खात्यात होता. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. तेव्हा गावाचा इतिहास जपायचा असेल तर एका खोलीच्या वहीने भागणार नाही. बौद्धवाड्यांची मंडळे वेगळी होती, त्यांचे कागद बीडीडी चाळींत आणि इतरत्र असतील. त्या चाळींचाही पुनर्विकास चालू आहे, वरळीतली काही कुटुंबे नव्या इमारतीत राहायलाही गेली. सरपंचांनी स्वतः जाऊन त्या मंडळांना बोलवावे, शेजारी बसवावे आणि दोन्हीकडच्या वह्या एकत्र ठेवाव्यात. पूर्वी खोली एक झाली नाही, कागद तरी एका कपाटात राहू देत.

बायांच्या कागदांचेही तसेच. मनिऑर्डरच्या पावत्या, पोस्टकार्डे, दुसऱ्याकडून लिहून घेतलेली पत्रे ही सगळी गावाकडच्या फडताळात, देवघरामागे, बांगड्यांच्या डब्यात आहेत. आजी गेल्यावर आमच्याकडे तिची पेटी आवरताना अशा पावत्यांचा एक गठ्ठाच्या गठ्ठा चुलीत गेला. ज्यांच्या घरात अजून आजी आहेत त्यांनी आधी त्यांच्याशी बोलावे.

काही जण म्हणतील, जुनी रद्दी सांभाळून मिळणार काय? तर एक रोकडा फायदाही सांगते. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेल्या कामगारांना आणि त्यांच्या वारसांना म्हाडाच्या घरासाठी अर्ज करता आला. दीड लाखाहून जास्त अर्ज आले. २०१२ मध्ये पहिली सोडत निघाली ती ६,९२५ घरांची. बहुतेक जण अजून वाट बघतायत. पात्रता ठरवताना ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, सर्व्हिस प्रमाणपत्र, हजेरीपत्रक, पगारपावती, प्रॉव्हिडंट फंडाचा किंवा ईएसआयसीचा नंबर असे कागद मागितले जातात. आपल्या कितीतरी घरांत यातले काहीच नाही, कारण संपाच्या काळात माणूस नेसत्या वस्त्रानिशी गावी आला आणि ट्रंक खोलीवरच राहिली. ती ट्रंक आजही तुमच्या पोटमाळ्यावर असू शकते. आमच्या खोलीतल्या पेटीच्या तळाशी तीन परक्या माणसांचे लाल पास निघाले. नानांनी नावे ओळखली, निरोप धाडले, दोघांची मुले येऊन घेऊन गेली. तिसऱ्याचा पत्ता अजून लागलेला नाही.

घाई करायची ती माणसांसाठीही. संपाच्या वेळी ज्यांची ऐन पंचविशी होती ते आता सत्तरीला टेकलेत. संप कोणी अधिकृतपणे मागे घेतलाच नाही, तो विरून गेला. आपली माणसे गावी परतली, कोणी पुन्हा मुंबईला जाऊन पाठीवर पोती वाहिली. आपल्याच मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली होती आणि १९६९ चा कायदा झाला होता, म्हणून त्या हमालीला निदान कायद्याचा आधार तरी होता. या सगळ्याबद्दल बोलणारी माणसे आहेत तोवर वहीतल्या नावांपुढे अजून एक रकाना भरता येईल. एकदा ती गेली की "बोट गेले" या दोन शब्दांमागची हकीगत कोण सांगणार?

काम फार मोठे नाही. खोलीच्या चाव्या विकासकाला देण्याआधी मंडळाच्या दोन तरुणांनी पेटी उघडावी. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढावा. कोरी पाने आणि पुठ्ठाही सोडू नये. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, काही वर्षांत तिचा डिंक कागद खातो. लॅमिनेशन तर अजिबात नको. वह्या धुतलेल्या सुती कापडात बांधा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, ओल धरते. जुन्या फोटोंच्या मागे साध्या पेन्सिलीने नावे लिहा आणि ती नावे म्हाताऱ्यांना विचारूनच लिहा.

मूळ वह्या गावाच्या मालकीच्या, त्या गावातच याव्यात, असे माझे मत आहे. ग्रामपंचायतीत किंवा शाळेत लोखंडी कपाट, त्याच्या दोन किल्ल्या, एक सरपंचांकडे आणि एक मंडळाकडे. फोटोंची एक प्रत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागाला द्यावी. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे त्याच विद्यापीठात येतात आणि गिरणीवर अभ्यास करणारी आपली मुले तिथे शिकतात. दुसरी प्रत मुंबई महापालिकेला. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत महापालिकेने वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करायला घेतले आहे. तिथे यंत्रे असतील, कापड असेल. पण ते यंत्र चालवणारा माणूस रात्री कुठे झोपायचा आणि पगारातले पैसे कोणत्या डोंगरात पाठवायचा, हे त्या संग्रहालयाला आपल्याशिवाय कोण सांगणार? सगळ्या मंडळांनी मिळून तशी लेखी मागणी करावी. एकट्या मंडळाचे पत्र टेबलावर पडून राहते, पन्नास गावांच्या शिक्क्यांचे पत्र बाजूला सारता येत नाही.

वाळवा, शिराळ्याकडच्या आणि खटाव, माणच्या मंडळांनीही हे पत्र आपलेच समजावे. त्यांच्या खोल्या आमच्या खोल्यांच्या शेजारीच होत्या.

चैत्रात यात्रेला सगळे मुंबईकर गावी येतात आणि देवळात मंडळाची सभा बसते. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर वह्यांचा विषय घ्यावा, आणि खोलीच्या पैशांचा विषय निघण्याआधी घ्यावा. तो एकदा निघाला की दुसरे काही होत नाही, हे तुम्हीही जाणता. आमच्या गावात फोटो काढायचे काम मी आणि शाळेतल्या नववीच्या मुली करणार आहोत. ज्या गावाला हात हवे असतील त्यांनी सांगावे, आम्ही येऊ. आणि आमच्या पेटीतला तो तिसरा लाल पास अजून नानांकडे आहे. त्रासन खाते, रातपाळी, ढेबेवाडी खोऱ्यातला माणूस, एवढे नानांना आठवते. त्या खोऱ्यातल्या मंडळांनी आपापल्या वहीत शोधून बघावे.

कळावे,
आपली नम्र,
एका साचेवाल्याची नात, सातारा